फ्रीझरमधून काढलेलं विरजण का रुसतं

प्रश्न ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका ताईंचा आहे. त्या घरी चक्का आणि श्रीखंड करून विकतात. सहा वर्षं एकच विरजण चालवलंय. जानेवारीच्या अखेरीस पंधरा दिवस गावी जायचं होतं, म्हणून दोन दिवसांचं दही छोट्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवलं. परतल्यावर एरवी सहा-सात तासांत लागणाऱ्या दह्याला चौदा तास लागले आणि चमचा उचलला की तार सुटायला लागली. दुसऱ्या खेपेला विरजण दुप्पट घातलं. दोन तास वाचले, पण दही आंबट झालं आणि वर पाणी सुटलं. त्यातच मुलीने कुठेतरी वाचलेलं सांगितलं, की जिवाणू एकमेकांशी रसायनांतून बोलतात आणि पुरेशी संख्या झाली की मग कामाला लागतात. ताईंचा प्रश्न असा: तसं असेल तर दुप्पट विरजणाने काम लवकर व्हायला हवं होतं. ते का झालं नाही? आणि पाडव्याच्या ऑर्डरी तोंडावर असताना आता हे विरजण टाकून द्यायचं का?

ताई, टाकू नका. विरजण मेलेलं नाही. मेलं असतं तर दही लागलंच नसतं, दूध नुसतं नासलं असतं. तुमच्या विरजणाला दोन गोष्टी झाल्यात. एक, त्यातले बरेच जिवाणू जखमी आहेत. दुसरी जास्त महत्त्वाची: एकमेकांच्या आधाराने काम करणारी जोडी फुटली आहे.

मी सत्तावीस वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कल्चरच्या प्रयोगशाळांत काढली. या काळात सगळ्यात जास्त वेळा सांगावी लागलेली गोष्ट एकच, की विरजण हे मोजून घालायच्या सोड्यासारखं नाही. ती जिवंत वस्ती आहे, आणि तुम्ही तिला शेवटी कुठल्या हालतीत सोडलं होतं ते ती पुढच्या दुधात दाखवते. डब्यात किती जीव आहेत यापेक्षा त्यांच्यावर काय काय गुजरलंय, हे आधी बघायला हवं.

आंबटपणापासून सुरू करते, कारण मूळ चूक फ्रीझरच्या आधीच झाली होती. ताज्या दुधाचा सामू, म्हणजे पीएच, साधारण 6.6 असतो. जिवाणू दुधातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल सोडतात आणि सामू 4.6 च्या आसपास आला की केसिन या प्रथिनावरचे धन आणि ऋण विद्युतभार सारखे होतात, कण एकमेकांना चिकटून जाळं धरतात. दही लागतं ते असं. त्या क्षणी दुधातली बरीचशी साखर शिल्लकच असते. जिवाणू पुढे मंदावतात ते भुकेने नव्हे, स्वतःच सोडलेल्या आम्लाने.

हे आम्ल नेमकं करतं काय? लॅक्टिक आम्लाचे काही रेणू प्रोटॉन, म्हणजे आंबटपणा आणणारा धनभारित कण, सोडून बसलेले असतात, काही तो धरून असतात. सोडलेल्यांना पेशीचं पटल सहसा आत येऊ देत नाही. धरून असलेले मात्र पटलातून सरळ आत शिरतात, आणि आत कमी आंबट असल्यामुळे तिथे प्रोटॉन टाकतात. सामू 4.6 असताना शंभरातले साधारण पंधरा रेणू या घुसखोर रूपात असतात. सामू 4.0 झाला की तेच बेचाळीस होतात, आणि तोवर एकूण आम्लही वाढलेलं असतं. जिभेला दही फक्त थोडं जास्त आंबट लागतं, पण आतल्या पेशीवरचा मार तिपटीहून अधिक वाढलेला असतो. ‘दोन दिवसांचं दही’ हे शब्द वाचून मी थबकले ते यासाठी.

पेशी गप्प बसत नाही. तिच्या पटलात एक पंप असतो, तो एटीपी हे पेशीचं इंधन जाळून प्रोटॉन बाहेर फेकत राहतो. खाडीत गळकी होडी वल्हवताना एका हाताने पाणी उपसत राहावं लागतं, तसं हे काम. उपसण्यात ताकद गेली की वाढीला उरत नाही. मघाच्या जोडीतल्या एका जिवाणूकडे, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसकडे, आणखी एक तोड आहे. दुधात मुळातच थोडा युरिया असतो, तो फोडून हा जिवाणू अमोनिया बनवतो आणि आम्लाची धार बोथट करतो. घरच्या विरजणात असणाऱ्या लॅक्टोकॉकस लॅक्टिस या आणखी एका जिवाणूच्या बऱ्याच जाती अर्जिनिन या अमिनो आम्लातून अमोनियाही काढतात आणि वर थोडं इंधनही कमावतात. शिवाय पटलातली स्निग्धाम्लं बदलली जातात, आणि घडी विसकटलेली प्रथिनं पुन्हा घडीवर आणणारी मदतनीस प्रथिनं, ग्रोईएल आणि डीएनएके, मोठ्या संख्येने तयार होतात.

इथे एक सूक्ष्म गोष्ट आहे आणि मला ती फार मोलाची वाटते. हलका ताण पेशीला कणखर करतो. सौम्य आम्लात थोडा वेळ राहिलेली पेशी नंतरचा तीव्र आम्लाचा मार जास्त सोसते, आणि बऱ्याचदा उष्णता आणि थंडीसुद्धा. ही मदतनीस प्रथिनं आम्लापुरतीच नसतात, ती सगळ्याच संकटांत उपयोगी पडतात. पण तोच ताण तासन् तास लांबला की कणखरपणा संपून झीज सुरू होते. म्हणून विरजण राखून ठेवायचं ते अदमुऱ्या दह्याचं. नुकतं लागलेलं, गोडसर, अजून पुरतं आंबट न झालेलं. आपल्या आज्या अदमुरं दही बाजूला काढून ठेवायच्या, तेव्हा त्या नेमकी हीच वेळ साधत होत्या.

हा फरक डोळ्यांनी दिसतो. काचपट्टीवर दह्याचा अगदी पातळ थर पसरायचा, वाळवायचा, मिथिलीन ब्लू हा रंग घालायचा, धुवायचं आणि सूक्ष्मदर्शकाच्या तेलाच्या भिंगाखाली बघायचं. अदमुऱ्या दह्यात गडद निळ्या मण्यांच्या माळा दिसतात, दहा-दहा, पंधरा-पंधरा मण्यांच्या. ते स्ट्रेप्टोकॉकस. मधूनमधून सरळ काड्या, तो जोडीतला दुसरा, लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस. तीन दिवसांच्या आंबटढाण दह्यात चित्र उलटं होतं. माळा तुटलेल्या, मणी फिकट, काड्याच काड्या, लांब झालेल्या, आणि त्यांच्या पोटात ठिपक्यांसारखे गडद दाणे. नव्या मुलींना मी पहिल्या आठवड्यात या दोन काचा शेजारी शेजारी ठेवून दाखवते. त्यानंतर ‘विरजण जुनं आहे, पण चालेल’ असं त्या कधी म्हणत नाहीत.

एका डेअरीत मी सल्ला द्यायला जायचे, तिथला प्रसंग सांगते. रविवारी रात्री विरजणाच्या टाकीचं कूलिंग बंद पडलं आणि सकाळपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. सोमवारी टाकीतला सामू चारच्या खाली होता. व्यवस्थापकांनी तुमच्यासारखंच केलं, विरजण दुप्पट घातलं. दही लागायला तरीही नेहमीपेक्षा तीन तास जास्त गेले आणि माल आंबट म्हणून परत आला. मी त्या विरजणातले जिवंत जिवाणू प्लेटवर मोजले, तर संख्या फारशी घटलेली नव्हती. प्लेटवर पोषक अन्न आणि दोन दिवसांची सवड मिळाल्यावर जखमी पेशीही वसाहत उभी करते. दुधात मात्र तिला आधी दुरुस्ती करावी लागते, आणि ते तास घड्याळात दिसतात. तेव्हापासून मी संख्येवर विसंबत नाही. पाव लिटर दुधात ठरावीक विरजण घालून 42 अंशांना किती वेळात लागतं, हे बघते.

आता थंडी. आधी बाहेरचं पाणी गोठतं. गोठताना ते क्षार आणि साखर बाजूला टाकतं, म्हणून उरलेलं पाणी अतिशय तीव्र होतं आणि पेशीतलं पाणी ओढून घेतं. गोठणं संथ असेल तर हे शोषण लांबतं आणि बर्फाचे स्फटिक मोठे होतात. छोट्या डब्यात भरलेलं दही घरच्या उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये बाहेरून आत हळूहळू गोठतं, मध्याला कित्येक तास लागतात. त्यात मागे कुणी नसताना वीज जाऊन-येऊन राहिली असेल तर अर्धवट वितळून पुन्हा गोठणं, हा सगळ्यात वाईट मार. बारीक स्फटिक विरघळून मोठे बनतात आणि पटलं फाटतात.

गोठण्यात सगळे सारखे मरत नाहीत. गोल मणी तुलनेने टिकतात, लांब काड्या जास्त बळी पडतात. तुमच्या डब्यात लॅक्टोबॅसिलसचं नुकसान जास्त झालं असणार, आणि इथेच जोडी फुटली.

या जोडीचा व्यवहार समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. स्ट्रेप्टोकॉकसला वाढायला अमिनो आम्लं हवीत, आणि दुधात ती मोकळी फार थोडी असतात. लॅक्टोबॅसिलसच्या अंगावर केसिन कापणारं विकर (एन्झाइम) असतं. ते प्रथिनाचे तुकडे करतं आणि त्यावर स्ट्रेप्टोकॉकस पोसतो. बदल्यात तो फॉर्मिक आम्ल, कार्बन डायऑक्साइड आणि फोलेट सोडतो, ज्यांची लॅक्टोबॅसिलसला गरज असते. दोघांना वेगवेगळ्या दुधात लावलं तर दोघंही रेंगाळतात. एकत्र असले की दूध झपाट्याने लागतं. काड्या कमी उरल्या म्हणून मणी उपाशी राहिले, आणि तुमचे सात तास चौदा झाले. दुप्पट विरजणाने काय झालं? बिघडलेलं प्रमाण दुप्पट झालं, सुधारलं नाही. जुन्या दह्याचं आम्लही जास्त गेलं. दूध तासन् तास ऊबेत राहिलं, म्हणून शेवटी आंबटपणा हद्दीबाहेर गेला आणि पाणी सुटलं.

तार सुटते ती वेगळ्या मंडळींमुळे. घरच्या विरजणात या जोडीबरोबर लॅक्टोकॉकसही असतात, ज्यांना 30 अंशांच्या आसपास मानवतं. त्यांच्या काही जाती पेशीबाहेर लांब साखळ्यांची शर्करा सोडतात, तीच चिकट तार. गारव्यात आणि संथ वाढीत ती जास्त बनते. फेब्रुवारीतल्या ठाण्याच्या गार रात्री, जोडी लंगडी झालेली, लॅक्टोकॉकसना मोकळं रान मिळालं. ही तार अपायकारक नाही, पण त्या दह्याचा चक्का बांधला तर फडक्यातून पाणी गळत नाही, आणि ग्राहकाला श्रीखंड बुळबुळीत लागतं.

आता ‘बोलण्या’कडे. शास्त्रात याला कोरम सेन्सिंग म्हणतात, 1994 पासून हा शब्द रूढ आहे. मराठीत गणपूर्ती. सोसायटीच्या वार्षिक सभेमुळे हा शब्द आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. प्रत्येक पेशी एक रेणू थोडाथोडा बाहेर सोडते. पेशी विरळ असताना तो विरून जातो. दाटी झाली की तो साचतो आणि एका पातळीनंतर सगळ्या पेशी मिळून वागणूक बदलतात.

लॅक्टिक आम्लाच्या जिवाणूंतलं याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे निसिन. लॅक्टोकॉकस लॅक्टिसच्या काही जाती हे 34 अमिनो आम्लांचं छोटं पेप्टाइड बनवतात. इतर जिवाणूंच्या भित्तिका ज्या कच्च्या मालातून उभ्या राहतात, त्याला ते धरतं आणि पटलाला भोक पाडतं. याचा मागमूस 1928 मध्ये लागला, नाव 1947 मध्ये मिळालं, आणि आज प्रक्रिया केलेल्या चीजच्या वेष्टनावर ई-234 लिहिलेलं दिसतं ते हेच. गंमत पुढे आहे. हे शस्त्रच संदेशही आहे. पेशीच्या पटलात एक पहारेकरी प्रथिन बसलेलं असतं. बाहेर निसिन साचलं की ते त्याला ओळखतं, आतल्या दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेटचा गट देऊन खबर पोचवतं, आणि निसिन बनवणारी जनुकं जोरात सुरू होतात. स्वतःच्या निसिनने स्वतः मरू नये म्हणून लागणारी कवचं बनवणारी जनुकंही त्याच इशाऱ्यावर उघडतात. खबर इतकी नेमकी वाहते, की संशोधकांनी तिचाच वापर करून हवं ते प्रथिन हव्या त्या वेळी बनवून घेण्याची पद्धत बांधली. चिमूटभर निसिन घातलं की जनुक चालू.

लोणच्यात आणि आंबवलेल्या भाज्यांत भेटणाऱ्या प्लँटॅरम या जिवाणूचं तर आणखी विलक्षण. पूर्वी त्याला लॅक्टोबॅसिलस म्हणायचे, 2020 मध्ये त्या कुळाची फाळणी झाली आणि आता तो लॅक्टिप्लँटिबॅसिलस आहे. त्याच्या काही जाती एक संदेश-पेप्टाइड सोडतात आणि ते साचलं तरच जिवाणूमारक द्रव्य बनवतात. एका जातीत असं दिसलं, की फार पातळ करून पेरलं तर ती ही क्षमता गमावून बसते, आणि संदेश-पेप्टाइड वरून घातलं की परत मिळवते. दुसरी एक जात एकटी असताना गप्प असते, पण शेजारी ठरावीक परके जिवाणू असले की द्रव्य सोडू लागते. म्हणजे संख्येबरोबर शेजाराचीही दखल घेतली जाते.

स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसही एका लहान पेप्टाइडच्या इशाऱ्यावर बाहेरचा डीएनए आत घेण्याची तयारी करतो. एआय-2 नावाचा रेणू मात्र मी सरसकट ‘बोलण्या’त धरत नाही, जरी लेखांतून त्याला जिवाणूंची जागतिक भाषा म्हटलं जातं. तो बनतो पेशीच्या एका नेहमीच्या साफसफाईच्या चक्रात. बाहेर पडलेली प्रत्येक वस्तू संदेश नसते. चुलीचा धूर शेजाऱ्याला दिसतो, म्हणून आपण त्याला निरोप धाडला असं होत नाही. संदेश तेव्हाच म्हणावं, जेव्हा ऐकणारं प्रथिन सापडतं आणि ऐकल्यावर काय बदललं ते दाखवता येतं.

तर मुलीने वाचलेलं खरं आहे, पण तुमच्या दह्याला ते लावताना एक पायरी चुकली. आम्ल बनवणं हे गणपूर्तीची वाट बघत नाही. दुधात पडलेली धडधाकट पेशी एकटी असली तरी साखर खायला लागते. गणपूर्तीवर चालतात ती शस्त्रं, डीएनए घेणं वगैरे. दही लवकर लागण्यासाठी जी देवाणघेवाण लागते ती प्रथिनाच्या तुकड्यांची आणि फॉर्मिक आम्लाची, आणि ती जोडीचं प्रमाण जमल्यावरच वेग घेते.

मग आता काय करायचं. पाव लिटर दूध चांगलं उकळून पाच-दहा मिनिटं मंद आचेवर ठेवा, 42 अंशांपर्यंत निवू द्या. बोटाला गरम लागेल पण चटका बसणार नाही इतकं. साधा थर्मामीटर घ्याच, व्यवसाय करताय तर बोटावर राहू नका. त्यात एक लहान चमचा विरजण घाला आणि भांडं ऊबेत ठेवा, गरम पाण्याच्या डब्यात किंवा जाड कापडात. इथे ऊब जपणं हेच औषध आहे, कारण 40 अंशांवर लॅक्टोकॉकस मागे पडतात आणि जोडीला वाव मिळतो. दही धरल्याबरोबर, अदमुरं असतानाच, त्यातलं एक चमचा पुढच्या पाव लिटरला घाला. अशा तीन खेपा. प्रत्येक खेपेला किती वेळ लागला ते लिहून ठेवा. वेळ घटत गेला पाहिजे आणि तार कमी होत गेली पाहिजे. दूध दर वेळी त्याच गवळ्याचं किंवा त्याच पिशवीचं ठेवा, कारण जनावराला दिलेल्या प्रतिजैविकाचा अंश दुधात असला तरीही विरजण असंच रेंगाळतं आणि तुम्ही उगाच फ्रीझरला दोष देत बसाल.

पुढच्या वेळी गावी जाताना अदमुरं दही घ्या. शंभर ग्रॅम दह्याला दहा ग्रॅम साखर आणि दहा ग्रॅम दूध पावडर उकळून गार केलेल्या थोड्या दुधात विरघळवून मिसळा. साखर पटलाला आधार देते, पावडर स्फटिकांना आवर घालते. हे मिश्रण आधी तीन-चार तास फ्रिजच्या दारात ठेवा. लॅक्टोकॉकस आणि थर्मोफिलस दोघांतही दिसलंय, की गोठण्याआधी काही तास नुसत्या गारव्यात राहिलेल्या पेशी शीत-आघात प्रथिनं बनवून घेतात आणि नंतर जास्त संख्येने वाचतात. मग बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवा. खडा लहान, म्हणून गोठणं जलद. खडे पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरच्या तळाशी ठेवा, दारापाशी नको. वापरताना खडा बाहेर वितळत ठेवू नका, सरळ 42 अंशांच्या दुधात टाका. पहिली खेप विकायच्या मालाची कधीच नको, ती फक्त उठवण्याची.

एप्रिल-मेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण लवकरच विचाराल. ठाण्यात तेव्हा स्वयंपाकघर 34-35 अंशांवर असतं. रोजच्या रोज त्या उष्णतेत विरजण फिरवलं की पेशी नुसत्या जुळवून घेत नाहीत, वस्तीच बदलते. आठवडाभरात आंबट सोसणाऱ्या काड्या वरचढ होतात आणि दही दुपारपर्यंत आंबतं. त्या दिवसांत दही लागल्याबरोबर फ्रिजमध्ये टाका, आणि आता उठवलेल्या विरजणाचे गोठवलेले चार चांगले खडे मेसाठी राखून ठेवा.

तिसऱ्या खेपेला वेळ सात तासांच्या आत आला आणि चमच्याला तार नसली, तर त्याच विरजणावर पाव किलो चक्का बांधून फडकं नेहमीच्या वेळात गळतं का ते बघा. चौथ्या खेपेलाही तार सुटत असेल तर हे विरजण घरच्या कढीला वापरा आणि शेजारणीकडून, किंवा ज्यांना तुम्ही पूर्वी विरजण दिलं असेल त्यांच्याकडून, तुमचंच जुनं विरजण परत मागून आणा. पाडव्याचा चक्का त्यावर बांधा.